हिरालालच्या भट्टीतला वाघ

आसगावात भरदिवसा वाघ शिरल्याची बोंब उठली होती, तिचं खापर गाव माझ्या डोक्यावर फोडतं. गाव बरोबर आहे. पण त्या दिवशी काय झालं ते समजायचं तर आधी माझा शेजारी हिरालाल समजायला पाहिजे, आणि ते काम सोपं नाही, कारण तो बोलतच नाही. त्याच्या वाटचं त्याची बायको बेबीबाई बोलते. तेवढ्यानं भागलं नाही तर मी आहेच. विहारामागच्या गल्लीत आमची घरं लागून आहेत, मध्ये छातीएवढी भिंत. त्या भिंतीवर हात टेकून मी आयुष्यातला बराच मोलाचा वेळ घालवला आहे.

हिरालालनं एकतीस वर्षं नागपूरच्या एका बेकरीत भट्टी सांभाळली. महिन्यातून दोन शनिवारी घरी यायचा, रविवारभर झोपायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत जायचा. त्याच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत एक केस नाही. भट्टी किती तापली हे तो हात आत घालून मनात आकडे मोजून ठरवतो. आठाच्या आत हात पोळला तर थांबायचं, बारापर्यंत सोसवलं तर पाव आत सरकवायचे. एवढ्या वर्षांत त्यानं काटा असलेलं यंत्र कधी वापरलं नाही, आणि त्याचा पाव कधी करपला असं बेबीबाईसुद्धा म्हणत नाही. आणि बेबीबाई सहसा काही म्हणायचं सोडत नाही.

टाळेबंदीत बेकरी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. हिरालाल एक काळी बॅग घेऊन घरी आला. बॅग खाटेखाली सरकवली आणि तिच्यातूनच जगू लागला. लागला तर एक शर्ट काढायचा, धुतला की घडी करून परत तिच्यातच ठेवायचा.

"पाहुणा बी खुटीवर कपडे टांगते, भाऊजी," बेबीबाई मला भिंतीवरून म्हणाली. "हा माणूस अजून बसस्टँडवरच हाये."

रोवणीत त्याला बांधीच्या चिखलात उतरवून पाहिलं. त्यानं लावलेली धानाची ओळ अशी वाकडी गेली की बाया चिखलात बसून हसल्या. शेवटी बेबीबाईनं त्याला बांधावर बसवून पाण्याची कॅन सांभाळायला दिली. तो ती इमानदारीनं सांभाळत बसला. मी तेव्हा भरपूर हसलो. आता आठवलं की तेवढं हसू येत नाही.

पावसाळा सरल्यावर एक दिवस तो बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, काळी माती आणि पडक्या भिंतीच्या विटा आणून अंगणात काहीतरी रचू लागला. मी विचारलं, "काय गा हिरालाल, समाधी बांधून राहिला का?"

"भट्टी," तो म्हणाला. त्या महिन्यातलं ते त्याचं सर्वात मोठं भाषण.

पाव असा झाला की काय सांगू! बोट लावलं तर दबायचा आणि बोट काढलं की परत वर यायचा. हिरालाल सायकलला टोपली बांधून, घंटी वाजवत गावात निघाला आणि भरली टोपली घेऊन परत आला. आपल्याकडची रीत तो शहरात राहून विसरला होता. आमच्या गावात पाव म्हणजे बिमाराचं खाणं. कोणाला ताप आला, कोणी दवाखान्यातून घरी आलं, की चहासोबत पाव. धडधाकट माणसानं पाव घेतला तर शेजारी तब्येत विचारायला येतात. हिरालालची घंटी वाजली की दारातून एकच उत्तर यायचं, "समदे बरे हायेत गा आमच्या घरी, पुढं जा!"

आठ दिवस सगळं गाव बरं होतं. पाव मी खाल्ले. माझ्या घरी कोण बिमार आहे म्हणून तिघं चौकशी करून गेले.

इतक्यात नागपूरहून बेबीबाईच्या भावाचा, जीवनचा फोन आला. तो एका मोठ्या सोसायटीत चौकीदारांचा मुकादम आहे. भाऊजींसाठी चौकीदाराची जागा पाहिली होती, एक तारखेपासून. मागोमाग त्यानं एका गाववाल्याच्या हाती निळी वर्दी पाठवली, शिट्टीसकट. हिरालालनं वर्दी अंगाला लावून पाहिली, घडी केली आणि बॅगेत ठेवली. शिट्टी सर्वात वर.

त्या सायंकाळी बेबीबाई भिंतीपाशी आली तेव्हा तिच्या आवाजात नेहमीची धार नव्हती. "एकतीस वर्षं म्या शनिवार मोजले, भाऊजी. आता कुठं मोजायचं थांबली होती."

भिंतीवर टेकलेले हात मी काढून घेतले.

एक तारखेला वीस दिवस होते. एका दुपारी हिरालाल स्वतःहून बोलला. नाताळात त्यांच्या बेकरीत एक वेगळा गोल पाव निघायचा. आत कापसासारखा मऊ, वर भेगाळलेलं कुरकुरीत कवच. लोक त्यासाठी रांग लावायचे. वरचा लेप तांदळाच्या पिठाचा असतो एवढं त्याला माहीत होतं, पण लेप कालवायचं काम तिथला मुख्य कारागीर, उस्ताद, दार लावून करायचा. हिरालालच्या वाट्याला फक्त भट्टी.

"तांदूळ ना?" मी म्हटलं. "मंग तं झालंच! आपल्याकडं दुसरं हाये काय?"

नुकतंच हलकं, लवकर येणारं धान निघालं होतं. चांगल्या कामाला नवा तांदूळ हवा, म्हणून हिरालालनं पहिल्या भरडाईचा तांदूळ दळून आणला. पिठात अंदाजानं कोमट पाणी, खमीर, साखर, मीठ, तेल घातलं आणि फुगलेल्या पावांवर लेप दिला. भट्टीतून निघाले ते पाव डोक्यावर ओला रुमाल बांधल्यासारखे. लेप चिकट, चिवट. भेग एक नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बेबीबाईनं लेपाच्या घोळात बोट बुडवलं आणि बोट चाटून विचारलं, "कोणता तांदूळ घेतला?"

"नवा."

"अवो, नव्या तांदळाचा भात तरी मोकळा होते का? तव्यावर आयत्याची धिरडी टाकाले बी म्या जुनाच घेत असते. नवा चिकटते, जुना फुटते." मग माझ्याकडे नजर टाकून म्हणाली, "नवीन नवीन हे बी लई चिकटत होते."

एकतीस वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाचे कान मी त्या दिवशी पहिल्यांदा लाल झालेले पाहिले.

तिनं ढोलीच्या तळातलं दोन वर्षांचं धान काढलं, भरडून, दळून आणलं. घोळ आयत्याच्या घोळापेक्षा घट्ट ठेवला आणि फेस येईपर्यंत झाकून ठेवला. हिरालालनं तो बोटांनी पावांवर पसरला, हात भट्टीत घालून मनात बारा मोजले आणि पाव आत सरकवले. आम्ही तिघं वाकून पाहत होतो. खालचा पाव फुगू लागला. वरच्या लेपाला काही फुगता येईना. तो ताणला, ताणला आणि तडकला. बाहेर काढल्यावरही कवच बारीक तडतड करत होतं. बोडी आटल्यावर तिच्या तळाला पडतात तशा भेगा, पण सोनेरी.

"तिकडं मालक याले टायगर म्हणत होते," हिरालाल म्हणाला.

"टायगर म्हणजे वाघच ना गा?" मी पाव फिरवून पाहिला. "पट्टे कुठं हायेत? बिबट म्हण." पण नाव वाघच पडलं आणि ते मीच पाडलं.

आता माझा गुन्हा ऐका. आमच्या पवनी तालुक्यात वाघ म्हणजे गोष्टीतला प्राणी नाही. तो जंगलातून उतरतो, चिखलात पंजा उमटवून जातो. मागच्या वर्षी ताराचंदची दुभती गाय त्यानं बांधावरून नेली होती. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी एका सकाळी मी चहाचा कप घेऊन भिंतीवरून ओरडलो, "बेबीबाई, वाघ निंगाला का व?"

"निंगाला न!" ती भट्टीपासून ओरडली. "चार बाहेर हायेत, आठ अंदर हायेत! लई गरम हायेत, जवळ येऊ नका!"

"मोठे हायेत का?"

"एक तं पार फुगला हाये! आत्ताच तडकला!"

गल्लीतून ताराचंद विळा घेऊन सायकलवर कापणीला चालला होता. त्यानं सायकल तिथंच टाकली आणि बोंब ठोकली. पुढच्या पाच मिनिटांत बाया पोरांना घेऊन घरात, माणसं काठ्या घेऊन गल्लीत, आणि कोणीतरी वनखात्याला फोनसुद्धा लावला. बारा वाघ! हिरालाल पावांचा ट्रे घेऊन अंगणाच्या फाटकाशी आला तेव्हा समोर शंभर माणसं काठ्या उगारून उभी होती.

खरं काय ते कळल्यावर काही जण हसले. ताराचंद हसला नाही.

"माझी गाय खाल्ली वाघानं, अन् तुमी वाघाचा मजाक करता?"

हसू थांबलं. बोलणारा मी होतो, पण मान मी खाली घातली आणि बोलला हिरालाल. ट्रे हातातच होता.

"चूक माझी हाये, ताराचंदभाऊ. भट्टी आजपासून बंद. एक तारखेले मी जाऊन राहिलो नागपूरले."

बेबीबाई भट्टीपाशी उभी होती. ट्रेमधल्या पावांची तडतड तेवढी ऐकू येत होती.

तेवढ्यात गर्दीतून धुरपता पुढं आली. ही ताराचंदची आई. सत्तरी पार केलेली, पण दात सगळे शाबूत, आणि त्याचा तिला गावभर अभिमान. तिच्याही हातात काठी होती.

"वाघ पाहाले मी चहा सोडून आली," ती म्हणाली. "कुठं हाये तो? दाखव."

हिरालालनं ट्रे पुढे केला.

"हा तं पाव हाये. मी का बिमार हाओ?" पण चहा राहिलेला. तिनं एक उचलला आणि दात रोवले. कर्रर्र! मागच्या रांगेपर्यंत आवाज गेला. म्हातारी सावकाश चावत राहिली, सगळं गाव तिच्या जबड्याकडे पाहत राहिलं.

"का रे हिरालाल, बिमाराले हे चावता येते का?"

"नाई, मावशी."

"मंग हे बिमाराचं कायले? हे धड माणसाचं खाणं हाये." तिनं दुसरा उचलला आणि पोराच्या पुढे धरला. "ताराचंद, काठी ठेव अन् खाय."

ताराचंदनं काठी ठेवली नाही, पण पाव घेतला. कवच तडकलं, आतला मऊ भाग लागला. तो आणखी थोडा वेळ रागात राहिला. ते अवघड जात असावं.

"माझी गाय खाल्ली वाघानं," शेवटी तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला, "आता मी वाघ खातो."

मग गल्ली हसली ती हसलीच. बाराचे बारा पाव उभ्या उभ्या संपले. बऱ्याच वेळानं दोन वनरक्षक मोटारसायकलवर आले आणि विचारू लागले, वाघ कुठं आहे?

"संपला," बेबीबाई म्हणाली. "उद्या या."

तेव्हापासून आसगावात रीत उलटी झाली आहे. कोणी आजारातून उठलं की लोक विचारतात, "वाघ खाल्ला का?" खाल्ला म्हणजे बरा झाला. पोलीस पाटलानं मात्र मला बजावलं आहे की भिंतीवरून वाघाचं नाव घेऊन ओरडायचं नाही. म्हणून पाव निघाले की बेबीबाई फाटकात उभी राहून चौकीदाराची शिट्टी फुंकते, आणि अशी फुंकते की भर सोसायटीतले चोर पळावेत.

एक तारीख आली आणि गेली. जीवनचा फोन आला तेव्हा मी भिंतीवरच होतो.

"भाऊजी नाई येत तं वर्दी तरी परत पाठव, ताई," तो स्पीकरवरून म्हणत होता.

वर्दी बेबीबाईनं उसवून तिची चार फडकी केली होती. त्यांच्याखाली पीठ फुगत होतं. एका फडक्याला खिसा अजून तसाच होता.

"वर्दी ड्युटीवर हाये," तिनं सांगितलं आणि फोन ठेवला.

तिच्या मागे, उघड्या दारातून मला खुटी दिसत होती. खुटीवर तीन शर्ट टांगलेले होते.