मैदानातली चार वाजताची सावली

आधीच सांगते, मी दारात लिंबू-मिरचीसुद्धा टांगू देत नाही. अंधेरीच्या एका सर्व्हे ऑफिसात नकाशे काढते, आणि जे मोजता येत नाही त्याच्या नादी लागत नाही. तरी मागच्या मे महिन्यात जे झालं ते इथे लिहितेय, कारण अजून डोक्यातून जात नाही...

आम्ही राहतो विक्रोळी पूर्वेला, कन्नमवार नगरात. जुन्या चार मजली बिल्डिंगी आणि मध्ये मोकळं मैदान. बाबा इथल्याच एका कारखान्यातून रिटायर झाले. आई गेल्यापासून घरात बाबा, दादा आणि मी. उन्हाळा लागला तसे बाबा रोज दुपारी मैदानाच्या मधोमध, भर उन्हात खुर्ची टाकून बसायला लागले. बोलवायला गेलं की शांतपणे म्हणायचे, "सावलेत बसलंय. तुका दिसना नाय?"

सावली कुठली, तिथे साधं झुडूपही नाही. दादाने ठरवून टाकलं की बाबांचं डोकं आता ठिकाणावर नाही, आपण दोघं कामाला गेलो की दाराला बाहेरून कडी लावायची. कडी विकत आणूनही ठेवली. मला ते पटत नव्हतं, पण दुसरा उपायही सुचत नव्हता.

त्याच सुमारास ऑफिसने मला थ्रीडी मॅपिंगच्या क्लासला पाठवलं. खरं सांगते, मी वेडी झाले! इतकी वर्षं सपाट नकाशे काढले, आणि इथे जमिनीचा चढउतार टाका, वर बिल्डिंगींचे आकार ठेवा, उंची द्या – की अख्खी वस्ती उभी. पहिल्याच दिवशी मी फुटांतली उंची मीटर समजून भरली आणि आमची बिल्डिंग ढगात गेली. आमचे सर माझ्याहून बरेच लहान, पण काय शिकवतात यार. हसले नाहीत. म्हणाले, प्रत्येक जण एकदा ढगात जाऊनच येतो.

गृहपाठ होता आपापली वस्ती उभी करायची आणि तिच्यावर सूर्य फिरवायचा. तारीख-वेळ दिली की सॉफ्टवेअर स्वतःच सावल्या पाडतं. मी मे महिना आणि दुपारचे चार दिले. बिल्डिंगींच्या सावल्या झकास पडल्या. आणि मैदानाच्या मधोमध आणखी एक... गोलसर, विस्कटलेल्या कडांची. झाडाची असते तशी.

मला वाटलं, पुन्हा आपलाच घोळ. सरांना बोलावलं. त्यांनी एकेक बिल्डिंग बंद केली, तशी तिची सावली गेली. शेवटी स्क्रीनवर नुसती जमीन उरली – आणि तिच्यावर ती एकच सावली. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली, तिथेही तेच. सरांनी तारीख-वेळ पुन्हा तपासली. मग म्हणाले, "मॅडम, हे मला नाही सांगता येणार. इथे आधी काय होतं, ते कुणाला तरी विचारा ना."

घरी येऊन बाबांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांना जराही नवल वाटलं नाही. जांभळीची सावली, म्हणाले. माझ्या जन्माआधी पाण्याची लाइन टाकताना ती जांभूळ तोडली. शिफ्ट सुटायच्या वेळी आई तिच्याच खाली त्यांची वाट बघत उभी असायची.

रविवारी मी त्यांच्याशेजारी खुर्ची टाकली. ऊन असं, की डोळे उघडवेनात. बाबांच्या कपाळावर घामाचा थेंब नाही. थोड्या वेळाने त्यांनी खुर्ची पूर्वेला सरकवली. चारनंतर मॉडेलमधली सावली तशीच पूर्वेला सरकते. ते मी पाहिलं होतं, बाबांनी नाही. त्यांना मी एकच फोटो दाखवला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सरक गो जरा. तुज्यार ऊन इलां."

मी सरकले. मानेवरचा चटका थांबला.

सर अजून अधूनमधून ती फाइल उघडतात. इथे कुणी जाणकार असेल तर जरूर सांगा, नाही सांगितलं तरी माझी तक्रार नाही.

पुढच्या रविवारी दादाला हाताला धरून बाबांच्या शेजारी बसवलं. थोड्या वेळाने बाबांच्या मागोमाग तोही पूर्वेला सरकला. ऊन उतरल्यावर त्याने बाबांची खुर्ची उचलून वर आणली, आणि ती कडी दुकानात परत करून आला.