डबीतला भंडारा

पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी क्षयरोग केंद्रात कार्डं भरत होते. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही पाठवलेला नमुना पिवळा आहे. हळद पडलीय त्यात. नाही चालणार."

या कामात माझी बरीच वर्षं गेली. बेडक्याऐवजी नुसती थुंकी आलेली पाहिलीय. सासऱ्यासमोर खाकरायची लाज वाटली म्हणून रिकामी परत आलेली डबीही पाहिलीय. हळद मात्र नव्हती पाहिली.

डबी मंगळवेढा रस्त्याच्या वस्तीवरची, एका मेंढपाळाच्या सुनेची. पाच महिने नेमाने गोळ्या घेऊनही तिचा खोकला हटला नव्हता. तपासल्यावर कळलं, मुख्य गोळीला तिचा जंतू दादच देत नाही. डॉक्टरांनी नव्या गोळ्या सुरू केल्या, पण त्यांतल्या कुठल्या लागू पडणार हे जंतूची जनुकं अक्षर-अक्षर वाचल्यावरच पक्कं होणार होतं. तोवर दोन वर्षांची लेक आजीपाशी आणि आई अंगणाच्या दुसऱ्या टोकाला.

स्कूटर काढली आणि गेले. भांडायच्या तयारीनेच.

"डबीत हळद कुणी टाकली?"

"हळद न्हाय बाई, भंडारा हाय," सासू म्हणाली. "बिरोबाचा. एवढ्या लांब पुण्याला निगाली डबी, देवाचं नाव नको व्हय?"

"म्हणून आत टाकलात?"

"मग काय भाईर टाकू? रोग आत हाय की!"

मी दुसरी डबी काढली. "मावशी, भंडारा सुनेच्या कपाळाला लावा. डबीला हात लावायचा नाही."

"पर त्यात बगत्यात तरी काय?"

"तुमच्या मेंढराच्या कानाला खूण असते ना? ती बघून कळतं, मेंढरू कुणाचं ते. तसं जंतूत कुठं काय बदललंय ते वाचतात. मग कुठलं औषध त्याला लागणार नाही ते कळतं."

तिने जरा विचार केला. "म्हंजे आदी कान बगायचा, मंग दवा पाजायचा. तुमी उलटंच केलं की!"

सून मास्कच्या आत हसली आणि तिला खोकल्याची उबळ आली. मी नव्या डबीवर तिचं नाव लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरून, खोल खोकून तिने बेडका दिला. झाकण मी स्वतः लावलं.

निकालाला काही आठवडे लागले. दर फेरीला सासू विचारायची आणि मी "अजून नाही" म्हणायचे. सून काहीच विचारायची नाही. लेकीकडे बघत बसायची.

अहवाल आला तेव्हा फोनवर सांगता आलं असतं, तरी मी वस्तीवर गेले. जुन्यांतल्या दोन गोळ्या निकामी होत्या. आता चालू असलेल्या सगळ्या लागू पडणार होत्या.

"म्हंजे हिला जवळ घ्याया मिळंल?" सुनेने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"लगेच नाही. बेडक्यात जंतू दिसायचा थांबू दे. तोवर बाहेर वाऱ्यात, मास्क लावून, चार हात लांब."

सासू उठली. सुनेपासून कोपराने जमिनीवर चार हात मोजले आणि पोरीला तिथे बसवलं. सुनेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पोरीला हातभर आईकडे सरकवलं.

अहवाल दोन पानी होता. मी मान खाली घालून तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतला.