जाळीकाकू आणि आमचा दिवाण

आधी माझा गुन्हा सांगतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. जाळीकाकूंनी माझ्या मुलीच्या रुखवतासाठी विणलेले क्रोशाचे रुमाल मी आमच्या बैठकीतल्या दिवाणात लपवले आणि ते तिच्या सासरी पोहोचले, असं काकूंना सांगितलं. एकदा सांगून थांबलो असतो तर निभावून गेलं असतं. मी वर्षभर सांगत राहिलो. दिवसा शाळेत मुलांना खरं बोलायला शिकवायचो आणि संध्याकाळी घरी येऊन खोटं बोलायचो. हे सगळं लिहू का, असं परवा काकूंना रायपूरला फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, "लिही ना. माह्यं नाव टाकू नको, अन् तुह्यं काही झाकू नको."

जाळीकाकू हे गल्लीने ठेवलेलं नाव, तेच वापरतो. पण झाकू नको, हे त्यांच्या तोंडून ऐकणं म्हणजे नवलच. कारण कुडव्याला आमच्या शेजारी राहत असताना त्यांना उघडी वस्तू म्हणून बघवत नसे. अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "हे असं उघडं काऊन ठेवलं?" असं विचारून त्या एखाद्या पाण्याच्या तांब्याकडे अशा बघत, की तांब्याला लाज वाटावी. त्यांच्या घरी टीव्हीवर रुमाल, डब्यांवर रुमाल, रिमोटला पिशवी आणि गॅसच्या सिलिंडरला झालरीचा झगा. अंगणातल्या पपईला पोपट टोचतात म्हणून त्यांनी पपईलाच जाळीची टोपी घातली. पोपट आले, भिंतीवर बसून बराच वेळ बघत राहिले आणि न टोचताच गेले.

एकदा थंडीत माझ्या स्कूटरच्या दोन्ही आरशांना टोप्या चढल्या. मी गाडी चालवताना आरशात बघत नाही, हा माझा आणखी एक गुन्हा. त्यामुळे तसाच शाळेत पोहोचलो. सहावीतला एक पोरगा फारच काळजीने म्हणाला, "गुरुजी, तुमच्या गाडीले सर्दी झाली का जी?"

काकू क्रोशा सडक अर्जुनी गावच्या दवाखान्यातल्या एका नर्सबाईंकडून शिकल्या होत्या, आणि पहिली सुई त्यांनी सायकलच्या चाकाची तार दगडावर घासून केली होती. विणताना त्या मोठ्याने मोजत आणि त्यातच बोलत. "तीन खांब, एक साखळी. बायकोची कंबर कशी हाय गा? तीन खांब, एक साखळी. तेल लावत जा म्हणा. तीन खांब." खांब आणि साखळी म्हणजे क्रोशाचे टाके, पण आमची पूर्वा लहानपणी समजायची, की आईच्या कंबरेचं औषधच तसं घ्यायचं असतं. बोलण्याच्या नादात मोजणी चुकली की काकू अख्खा फेरा सर्रकन उसवून टाकत आणि वर आपल्यालाच म्हणत, "पाह्य, तुह्या बायकोच्या कंबरेपायी गेला माहा फेरा."

रविवार हा मांडाचा दिवस. गल्लीतल्या प्रत्येक घरून भाताचा मांड त्यांच्याकडे जायचा, कारण रुमाल कडक व्हायला हवेत. त्यातही जाड्या तांदळाचाच मांड हवा. नव्या शेजाऱ्यांनी कौतुकाने बासमतीचा मांड पाठवला, तर काकूंनी भांडं परत केलं. "याच्यात नुसता वास हाय, दम नाही." मांडात बुडवलेले रुमाल त्या गादीवर ताणून, कडेकडेने टाचण्या टोचून वाळत घालत. अशाच एका गादीवर मी, खास माझ्यासाठी ठेवली असेल असं समजून, बसलो. मी छतापर्यंत उडालो. काकू धावत आल्या आणि कळवळून म्हणाल्या, "टाचण्या वाकल्या नाही ना?"

गल्लीत काहीही घडलं तरी काकूंचा आहेर ठरलेला. बाळ झालं, रुमाल. दहावी पास, रुमाल. नापास, तरी रुमाल, जरा मोठा. कुणाचं अपेंडिक्स काढलं तर त्या घरी आधी रुमाल पोहोचायचा, मग फळं.

मग पूर्वाचं लग्न ठरलं. काकूंनी सहा महिने मान वर केली नाही. लग्न नागपूरला, व्याह्यांच्या सोयीने. त्याआधी आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो होतो. त्या घरात कशावरच काही नव्हतं. काचेचं टेबल उघडं, फ्रीज उघडा, सोफाही उघडा, आणि सगळं पांढरंशुभ्र. मी तिथे हात मांडीवर ठेवून बसलो आणि मनात एकच विचार, की या लोकांसमोर आपण झालरी घेऊन जायचं? निघायच्या दिवशी मी रुमालांचा खोका उचलला आणि दिवाणाची फळी वर करून आत ठेवून दिला. नेमका त्याच दिवशी काकूंचा गुडघा सुजला आणि त्यांचं लग्नाला येणं राहिलं. मला, सांगायला लाज वाटते, हायसं वाटलं.

मांडवात पूर्वाने विचारलं, "बाबा, काकूंचे रुमाल?" मी म्हणालो, "पूर्ण झाले नाहीत गं. गुडघा दुखतो ना त्यांचा." तिने काकूंना वाईट वाटेल म्हणून फोनवर तो विषय कधी काढला नाही. आणि परत आल्यावर काकूंना मी सांगितलं, "लय आवडले, काकू. विहीणबाई तर पाहतच राहिल्या." काकूही पूर्वाला काही विचारत नसत. "पोरीले वाटंल, काकू कौतुक मागून राहिली," म्हणत. दोन बायकांच्या चांगुलपणावर माझं खोटं खुशाल उभं राहिलं.

पण कौतुक ऐकून काकूंना असं काही भरतं आलं, की विचारू नका. "फ्रीज केवढा हाय त्याहीचा?" मी घरी जाऊन आमचा फ्रीज मोजला आणि माप दिलं. आठवड्यात फ्रीजची झालर हजर. मग धुण्याच्या मशीनचा झगा, पाण्याच्या फिल्टरची टोपी, व्याह्यांच्या चष्म्याचं घर, त्यांच्या मोटारीच्या स्टिअरिंगचं वेष्टण. "येत्या शनिवारी जाशीन तवा देजो," म्हणून त्या पुडी देत, आणि मी ती घेऊन दिवाणाची फळी उचले. बायको दारात उभी राहून बघे. "मले मधात घेऊ नका," ती म्हणे. "तुम्ही लपवले, तुम्हीच सांगा."

एक दिवस काकूंनी विचारलं, "आणखी कोण राह्यलं त्याहीच्या घरी?" मी वैतागून, गमतीत म्हणालो, "सगळ्यांचं झालं, काकू. आता कुत्राच राहिला."

काकूंना ती गंमत वाटली नाही. "सांगितलं काऊन नाही आधी? नाव काय त्याचं?"

"मोती," मी म्हणालो. सुचलं ते.

"केवढा हाय?"

मी गुडघ्याजवळ हात धरला. पंधरा दिवसांत पोळ्याच्या बैलाला शोभेल अशी लाल झालरीची झूल आली. मग थंडी आली, तशी मोतीला कानांच्या भोकांसकट टोपी आली. रोज चौकशी. मोती जेवला का, मोतीला झूल टोचत तर नाही. शेवटी माझी सहनशक्ती संपली आणि एका संध्याकाळी मी खाली मान घालून सांगितलं, "काकू, मोती गेला."

काकूंच्या हातातली सुई थांबली. विणकाम गुंडाळून त्या घरी गेल्या. दोन दिवस त्यांच्या घरून मोजण्याचा आवाज आला नाही. तिसऱ्या दिवशी त्या पांढऱ्या सुताच्या फुलांचा हार घेऊन आल्या. "फोटोले घालाले सांगजो. हे फुलं सुकत नाही." त्यांचे डोळे सुजलेले होते. हार हातात घेऊन मी उभा राहिलो आणि वाटलं, आपण किती हलका माणूस आहोत.

तरी मी बोललो नाही. पुढच्या महिन्यात काकूंचा मुलगा त्यांना कायमचं रायपूरला न्यायला आला. निघायच्या आदल्या सकाळी त्या नवं लुगडं नेसून आमच्याकडे आल्या आणि दिवाणावर बसल्या. "आज नागपूरले जाऊन येऊ म्हणते पोरगा. पूर्वाचं घर पाहतो एकदा. माह्या हातचं कुठं कुठं घातलं, तेवढं डोळ्यानं पाह्यलं का झालं. मंग रायपूरले बसतो गप."

बायकोने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"काकू," मी म्हणालो, "जरा उठता का?"

त्या उठल्या. मी फळी वर केली. डांबरगोळ्यांचा वास आला. वरच मोतीची झूल होती, तिच्यावर हार. खाली झगे, टोप्या, झालरी, आणि तळाशी रुखवताचा खोका.

काकू वाकून बघत राहिल्या. "हे तं मोतीचं."

"मोती नव्हताच, काकू. त्यांच्याकडे कुत्राच नाही. कधीच नव्हता. मी बनवला."

त्यांनी छातीवर हात ठेवला. "म्हंजे मेला नाही?"

"नाही."

"बरं झालं बाप्पा!" त्या धपकन खुर्चीवर बसल्या. "अरे, दोन दिवस जेवली नाही मी त्या मेल्यापायी!" आणि त्या हसायला लागल्या. माझी बायको पदर तोंडात धरून हसायला लागली. मीही हसलो. काकूंनी मोतीची टोपी उचलून माझ्या डोक्यावर बसवली, तर माझे कान नेमके भोकांतून बाहेर आले, आणि आम्ही तिघं पुन्हा पोट धरून हसलो.

मग काकूंनी हात घालून तळाचा खोका काढला. त्यातला सगळ्यांत मोठा, गोल रुमाल मांडीवर पसरला. कडेवरून बोट फिरवत एक फेरा पूर्ण केला.

"हे चांगलं आलं होतं गा," त्या म्हणाल्या. "याच्यापेक्षा चांगलं मले येत नाही. मंग काऊन लपवलं?"

माझ्याकडे उत्तरं तयार होती. गडबड झाली, गाडीत जागा नव्हती, विसरलो. बायको दारात उभी होती. मी डोक्यावरची टोपी काढली आणि काकूंच्या पायाशी बसलो.

"रुमाल चांगलेच होते, काकू. त्यांचं घर पाहून मले तुमची लाज वाटली. इतक्या वर्षांच्या शेजारणीची. मोठ्या घरच्या लोकांना तुम्ही दिसू नये असं वाटलं, म्हणून लपवले. माझं चुकलं. मले माफ करा."