घरमालकिणीचा घास

आमच्या रशियन घरमालकिणीइतकी स्वतंत्र बाई मी जन्मात पाहिली नाही, आणि स्वातंत्र्याची तिच्याइतकी थट्टा करणारीही दुसरी पाहिली नाही. मी पुण्याहून जर्मनीत डार्मश्टाटला पीएच.डी.साठी आले, ती ट्रंकेत साड्यांपेक्षा स्त्री-स्वातंत्र्याची पत्रकंच जास्त घेऊन. पहिल्याच रविवारी तिने त्यातली मूठभर केकच्या भांड्यात तळाला अंथरली. "कागद चांगला आहे," म्हणाली, "मजकूर जरा करपला."

मी भडकले. पण हिच्यावर किती वेळ भडकून राहणार? हिची आजी लग्नाच्या दिवशी गुडघ्यांवर बसून नवऱ्याचे बूट काढणारी. आई क्रांतीनंतर रात्रशाळेत अक्षरं गिरवून कारखान्यात गेलेली. आणि ही तर रोस्तोव शहरात ट्राम हाकायची! युद्धात जर्मनांनी कामाला म्हणून उचलून आणली, ती परत गेलीच नाही. इथेही ट्रामवरच होती, पण कंडक्टर. हँडल पुरुषांच्या हाती. या अन्यायावर मी तावातावाने बोलत असे आणि ती आरशात बघून ओठांना लाली लावत असे. लालीशिवाय ती सरपणसुद्धा फोडत नसे. कोळशाचं पोतं एकटी जिन्याने वर आणी, आणि वर आल्यावर कोट उतरवताना एखाद्या पुरुषाने तो धरला नाही, तर दिवसभर फुरंगटून बसे.

"मावशी, हा शुद्ध दुटप्पीपणा आहे."

"मुली, क्रांतीने आम्हाला पोती उचलायला शिकवलं. पुरुषांना कोट धरायला शिकवायचं राहूनच गेलं. ते मी करतेय."

अशी ही बाई एके दिवशी म्हणाली, कोपऱ्यावरच्या विधुर बेकरीवाल्याशी लग्न करतेय! माणूस सज्जन, गुबगुबीत, कशालाही 'गेनाऊ' म्हणजे 'अगदी बरोबर' म्हणणारा. पण बायकोने नोकरी करावी की नाही यात तेव्हा इथे नवऱ्याचाच शब्द चाले, आणि याला गल्ल्यावर बसायला बाई हवी होती, हे साऱ्या आळीला ठाऊक. म्हणजे हिची ट्राम सुटणार!

"तुमच्या नोकरीचं काय?" मी सरळ विचारलं.

"ते पावावर ठरेल."

तिच्या रशियात लग्नात नवरानवरी एकाच मोठ्या पावाचा हात न लावता घास तोडतात. ज्याचा घास मोठा, घरात त्याचं चालतं. बेकरीवाल्यालाही ते मान्य होतं.

"बाईच्या आयुष्याचा निकाल दातांनी लावायचा?" मी कडाडले. "आणि तो पाव भाजणार कोण? तोच ना!"

पुढचे काही दात तिने युद्धातच गमावले होते. दुसऱ्या दिवशी ती लाली न लावता कामावर गेली, तेव्हा मात्र मला खरी भीती वाटली. मी तडक बेकरीत जाऊन गिऱ्हाइकांसमोर भाषण ठोकलं. बेकरीवाल्याने शांतपणे पिठाचे हात पुसले. "गेनाऊ," तो म्हणाला, "पाव मीच भाजणार."

लग्नात पाव आला. त्याच्या बाजूला चपलेच्या तळव्यासारखा कडक, काळसर. तिच्या बाजूला दुधात भिजवल्यासारखा लुसलुशीत. त्याने कसाबसा एक कपचा काढला. तिने असा लचका तोडला की पावाआड गालच दिसेनात, नुसते डोळे. आणि तेही भरलेले. मला इतकं हायसं वाटलं, की मी नवऱ्यामुलाच्या नावाने घोषणा दिली! माझ्या पत्रकांत न बसणारं कृत्य.

सोमवारी ती लाली लावून, तिकिटांची पिशवी अडकवून कामावर निघाली. दारात कोट धरून बेकरीवाला उभा.

आता मी पुण्यात सभा गाजवते. भाषण फार रंगात आलं की मधेच कुठूनतरी करपल्याचा वास येतो आणि मी जरा थांबते. मागे कुणी कोट धरून उभं असेल का, असं उगाच वाटतं. पण पुण्यात कोट घालतंय कोण?