आत्याला आणखी एक वर्ष हवंय

फाटकाला कडी असते आणि कडीला खिट्टी असते, हे मला माहीत होतं. खिट्टी लावल्यावर ती एकदा ओढून बघायची असते, हे माहीत नव्हतं. एवढ्याशा अज्ञानापायी त्या सकाळी परक्या देशातल्या एका सभ्य रस्त्यावरून गाढवांचा मोर्चा निघाला आणि मोर्चाच्या मागून, रिकामी बादली वाजवत, मी.

गाढवं तशी म्हातारी होती. जन्मभर ओझी वाहून थकलेल्या गाढवांसाठी गावाच्या कडेला एक आश्रम आहे, तिथली. कॉलेज संपल्यावर आणि नोकरी लागायच्या आधी एक वर्ष मोकळं ठेवायची तरुण मुलांत पद्धत आहे. गॅप इयर म्हणतात. अशी देशोदेशीची मुलं या आश्रमात येतात, फुकट लीद उपसतात, आणि घरी जाऊन 'आमचं आयुष्य बदललं' असं सांगतात. आमच्या आत्यानेही असंच वर्ष घेतलं. फक्त तिने ते नोकरी आणि म्हातारपण यांच्या मध्ये घेतलं.

आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. सबंध नोकरी एका विमा कंपनीच्या तक्रारींच्या खिडकीवर गेली. तिथे तिने उभ्या शहराला 'नाही' म्हणून दाखवलं. घरी मात्र तो शब्द तिने कधी आणलाच नाही. आमच्याकडे कुणाला ताप आला तर थर्मामीटरच्या आधी आत्या शोधतात. बाळंतपण असो, ऑपरेशन असो, घराला रंग काढायचा असो. आत्या पिशवी घेऊन हजर.

ती निवृत्त झाली त्या संध्याकाळी बाबा खुशीत होते. आता आत्या चोवीस तास आपलीच. तर हिने परदेशाचं तिकीटच टेबलावर ठेवलं.

"या वयात? आणि तिथे जाऊन करणार काय?" बाबांनी विचारलं.

"लीद काढणार."

"लीद काढायला परदेशात?"

"इथे माणसांचं काढलं. आता जरा बदल."

महिन्याभरात कंटाळून येईल, अशी आमची खात्री होती. वर्ष सरत आलं, तेव्हा तिचा फोन आला: आणखी एक वर्ष राहायची परवानगी मागितली आहे. घरात हलकल्लोळ! ताईला सातवा लागलेला, बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन तोंडावर. शेवटी माझी रवानगी झाली. वरवर मदतीला, आतून आत्याला उचलून आणायला. खिशात परतीची दोन तिकिटं.

परवानगी द्यायची की नाही, हे आश्रमाच्या मुख्य बाई ठरवणार होत्या. आत्या त्यांना हेडबाई म्हणायची. नियम साधा होता: कुणालाही एकच वर्ष, मग जागा दुसऱ्याला. त्यामुळे माझं काम अर्धं झालेलंच होतं. उरलेलं करायला मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत हेडबाईंचे कान भरू लागलो.

"आत्याचे गुडघे फार दुखतात हो."

"इथे सगळ्यांचेच दुखतात," त्या म्हणाल्या. "म्हणून तर हा आश्रम आहे."

"बोलते फार."

"गाढवांचे कान मोठे आहेत."

तरी निकालाच्या दिवशी सकाळी त्या कागद चाळत आत्याकडे बघून हळहळल्यासारखी मान हलवत होत्या, आणि मी मनातल्या मनात आत्याची बॅग भरायला घेतली होती. त्याच तंद्रीत मी चारा टाकून बाहेर आलो आणि कडी लावली.

पुढचं सांगितलंच. मोर्चा चौकात पोचला. गाड्या थांबल्या. 'मास्तर' नावाचं सर्वांत वयस्क गाढव केशकर्तनालयात डोकं घालून उभं राहिलं, जणू आपला नंबर कधी येतोय ते बघत होतं. आश्रमातल्या तांबड्या केसांच्या एका पोराने शिट्ट्या मारल्या. तिथल्याच एका उंच मुलीने गाजरं दाखवली. मी म्हटलं, "अहो, चला ना, प्लीज." वर्गणी मागणाऱ्याकडे बघावं तसं गाढवांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. हेडबाई धावत आल्या, आपल्या भाषेत गोड बोलल्या, मग कडू बोलल्या. एक शेपूट हलेल तर शपथ.

एवढ्यात गुडघ्यापर्यंत बूट चढवलेली आत्या आली. कमरेवर हात.

"काय चाललंय हे? लाजा आहेत का काही? वय काय, करताय काय! मास्तर, तोंड काढ आधी त्या दुकानातून! केस कापून कुठे मिरवायला जायचंय? आणि तू गं ढमे, रस्ता काय तुझ्या बापाचा? सरक की मेले! चला घरी, मुकाट्याने!"

गाढवांनी कान पाडले आणि ती वळली. एकामागून एक, खाली मान घालून. शिट्टीवालाही रांगेत लागला. मी तर सवयीने केव्हाच लागलो होतो.

आश्रमात आल्यावर हेडबाईंनी विचारलं, "फाटक कुणी उघडं ठेवलं?"

त्या आठवड्यात फाटकाची जबाबदारी आत्याची होती. म्हणजे मी नुसतं गप्प राहायचं; परवानगी नामंजूर, आत्या विमानात, बाबा खूश. आत्याला सगळं कळलं होतं. तरी ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, ढमीच्या पाठीवरची धूळ झटकत होती. मी खिशातल्या दोन तिकिटांना एकदा हात लावून बघितला. मग म्हणालो, "मी."

का म्हणालो कुणास ठाऊक. तिचा आवाज अजून कानात घुमत होता, त्याचा परिणाम असावा.

हेडबाईंनी कपाळाला हात लावला. "मी सकाळी नाही म्हणायचं ठरवलं होतं," त्या आत्याला म्हणाल्या. "पण तू माझी सगळी गाढवं बिघडवून ठेवली आहेस. त्यांना आता तुझ्या भाषेतल्या शिव्यांशिवाय काही समजत नाही. तू गेलीस तर मी हाकणार कशी? राहा आणखी एक वर्ष. आणि आम्हाला शिकव."

दुपारीच शिकवणी सुरू झाली. मी चाऱ्याची गाडी ओढत चाललो होतो, तर ती उंच मुलगी कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "सरक की मेल्या!" सरकलो.

निघायच्या दिवशी आत्या मास्तरचा खूर मांडीवर घेऊन साफ करत बसली होती. एक तिकीट फुकट गेलं होतं, आणि बाबांना कोणत्या तोंडाने सांगायचं ते मला सुचत नव्हतं. मी शेवटचा प्रयत्न केला. ताईचं सांगितलं, बाबांच्या डोळ्याचं सांगितलं, शिवाय यंदा रंगही काढायचाय म्हणालो.

"हूं," आत्या म्हणाली. खुरात अडकलेला खडा काढण्यात तिचं लक्ष होतं.

"अगं हूं काय? तू घरी येणार तरी कधी?"

"काम नसेल तेव्हा बोलवा."