पायातली दोरी

पोर चालायला लागलं की त्याच्या पायांना दोरी बांधून ती कापतात, आणि जी कापते तिच्या वळणावर पोर जातं, असं शिमकेंत शहरात सगळेच मानतात. गुलझिरानं लेकीची दोरी थोरल्या बहिणीकडून, रौशनकडून कापून घेतली. रौशन आधीच अबोल. लेक पाच वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा सासू फणकारली, "त्या घुमीच्या हाती कात्री दिलीस, आता भोग!"

गुलझिरानं बहिणीला दारातूनच हाकललं. तीन वर्षं तोंड पाहिलं नाही.

काल डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा ऑटिझम आहे, जन्मापासूनचा. यात कुणाचाच दोष नाही." हायसं वाटायचं सोडून गुलझिराचा जीव जळत राहिला.

आज ती रौशनकडे गेली.

"ताई, चुकले गं. माफ कर."

रौशननं चहा पुढे सरकवला. "केव्हाच केलं."

"मग गप्प का?"

"गप्पच असते मी. त्याचाच तर बोभाटा केलात ना तुम्ही!"

तेवढ्यात रौशनची दोन वर्षांची धाकटी दुडुदुडु धावत आली. गुलझिरानं तिला उचलून विचारलं, "हिची दोरी कुणी कापली?"

"शेजारणीनं. मी आत दार लावून बसले होते. पोरीवर माझी सावली नको म्हणून."