गाभण मेंढी आणि मास्तरांची सायकल

आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही. तेव्हा मी आठवणी लिहायला बसावं हे मलाच जरा जास्तीचं वाटतं. वाचणाऱ्यांनी रागावू नये. माझ्या हातून एक चूक झाली होती आणि ती मी कुणाला नीट सांगितलेली नाही, एवढंच कारण आहे.

निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शननंतरची ती दुसरी की तिसरी दिवाळी. मी गुलबर्ग्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो आणि सुट्टीला कल्याणीजवळच्या आमच्या गावी आलो होतो. शाळेतल्या मास्तरांनी त्यांची सायकल मला सुट्टीपुरती दिली. तिची घंटी मोठी होती. माणूस दिसलं की मी ती वाजवायचो, हे कबूल करतो.

एका सकाळी कल्याणीहून परतताना उताराला धनगराचा कळप समोर आला. उतरून चालण्याऐवजी मी लांबूनच घंटी वाजवू लागलो. वाटलं, मेंढ्या बाजूला होतील. त्या उलट माझ्याकडेच वळल्या. कळपाच्या पुढे चालणाऱ्या बोकडाच्या गळ्यात घंटी असते आणि मेंढ्या त्या आवाजामागे जातात, हे शेतकऱ्याच्या घरात वाढूनही मला ठाऊक नव्हतं. ब्रेक दाबला, सायकल घसरली आणि पुढचं चाक एका काळ्या मेंढीच्या कुशीवर जाऊन आदळलं.

ती पडली आणि लगेच उठली. मला हायसं वाटलं. तेवढ्यात म्हातारा धनगर धावत आला.

"कामून वाजवायलास रे घंटी? मेंढरं काय साळंतली पोरं हायेत व्हय, घंटी झाली की पळायला?"

"चुकलं, अण्णा. पण उठली की ती."

"उठली. न्हाई कोण म्हणायलंय? गाभण हाय ती."

तो गुडघ्यावर बसला. मेंढीच्या पोटाला तळवा लावून बराच वेळ तसाच राहिला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"आत हलंना झालंय," तो म्हणाला. "सुनंची मेंढी हाय ही. माहेराहून आणलेली. पयलाच गाभ. आता तिला काय सांगू मी?"

मी विचारलं, "कधी कळेल?"

"व्याल्यावर. अन् तू, पुन्ना जनावर दिसलं की खाली उतर. सायकल हातात धर, माज्या बाजूनं ये, तोंडानं बोलत ये. माणसाच्या बोलण्याला ती बुजत न्हाईत. कुत्र्याम्होरं तर पळूच नको."

घरी येऊन वडिलांना, अप्पांना, सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "सांगून आलास का पळून आलास?"

"सांगून."

"मग रोज जाऊन बघून ये."

कळप खतासाठी आमच्याच शिवारात बसवला होता. मी रोज सायकल हातात धरून, काहीबाही बोलत जायचो. सून माझ्याशी कधी बोलली नाही. मेंढीच्या पोटावर हात ठेवायची आणि नाही म्हणून मान हलवायची. मेंढी चरत होती, पण मागे मागे राहायची. पाचव्या दिवशी कळप भालकीकडे निघून गेला आणि माझीही सुट्टी संपली.

गुलबर्ग्याला तासात लक्ष लागेना. मी कुणाचं काय बिघडवून आलो, हेच मला ठाऊक नव्हतं. खोलीतल्या सोबत्याची सायकल घेऊन निघालो तरी रस्त्यात म्हैस बसलेली दिसली की उतरायचो. बरोबरचे हसायचे. "अरे, म्हशीला सलाम करायलास का?" गावी दोन पत्रं लिहिली. मास्तरांच्या हातची उत्तरं आली. पाऊसपाणी, बैल, आईचा खोकला, सगळं होतं. मेंढीचं नव्हतं. वाईट झालं म्हणून लपवतात, असं मनात पक्कं बसलं.

संक्रांत झाल्यावर आणखी एक कार्ड आलं. अप्पा भालकीजवळच्या मेहकरला गेले तेव्हा तिथल्या शिवारात म्हातारा त्यांना भेटला होता. मेंढी व्याली. पिल्लू मेलेलं निघालं. मेंढी जगली आहे. तिच्याजवळ दुसऱ्या मेंढीचं पोरकं कोकरू लावलं आहे. दोन दिवस तिनं त्याला लाथाडलं, तिसऱ्या दिवसापासून सून जवळ बसली तर पिऊ देते.